कोकातलं पाणी

२ जुलै, बुधवार
सकाळी सव्वानऊला विनूचा फोन. रात्रपाळी संपवून क्वार्टरवर आला होता. आवाज खूश. "बाबा, टनामागे कोक आणखी खाली आणला. भट्टी मस्त चाललीय. मोठे साहेब स्वतः येऊन पाठ थोपटून गेले."
बरं झालं म्हणालो. फोन ठेवला आणि छातीत धडधड सुरू. बी.पी.ची गोळी घेतली की नाही ते आठवेना. पाकीट मोजलं, घेतली होती.
ही म्हणाली, "झिलाचा चांगला चाललाहा, तर तुमका कित्याक धडधडता?"
हिला काय सांगू. इथे लिहितो, डोक्यातून थोडं उतरेल.

मी सातवी पास. भायखळ्याच्या फौंड्रीत एकतीस वर्षं क्युपोलावर, म्हणजे बीड वितळवायच्या उभ्या भट्टीवर होतो, वरून कोक (भाजलेला दगडी कोळसा) आणि बीड टाकायला. शेठ कोक तोलून द्यायचा. कोक वाचवलेला त्याला आवडे. पण कोक कमी पडला की वितळलेल्या बिडाचा रस थंड होतो, साच्यात धावत नाही, कधी भट्टीच आत गोठते. मग पहारी घेऊन फोडायची कोणी? आम्हीच. म्हणून दहा खेपांमागे एक पाटी न मोजता टाकायची, अशी आमच्यात रीत होती. तिला देवाची पाटी म्हणायचे. शेठला कधी कळलं नाही. तो समजायचा, त्याच्या हिशेबाच्या कोकात एवढा गरम रस निघतो. मग आणखी कमी कर म्हणायचा. आम्ही हसायचो.

विनूची पोलादाच्या कारखान्यातली भट्टी वेगळी. आमची क्युपोला तिच्यापुढे म्हणजे देवळापुढचं तुळशीवृंदावन. आम्ही तयार लोखंड वितळवायचो, तो दगडातून लोखंड काढतो. कोक जळून वायू होतो, तो वायू दगडातला प्राणवायू ओढून घेतो, मागे लोखंड राहतं. विनू म्हणतो, पुष्कळ वायू काम न करताच वरून निघून जातो. तो कामाला लावायचा, खालून कोळशाची भुकटी फुंकायची, आणि कोक दर आठवड्याला थोडा थोडा कमी करायचा. ते काम त्याच्या गळ्यात.

मे महिन्यात आला तेव्हा चेहरा उतरलेला. भट्टी कुरकुरते म्हणाला. मीच विचारलं, तुमच्यात देवाची पाटी नाही का टाकता येत?
हसला. "बाबा, आमच्यात पाटी नसते. सगळं वजन कॉम्प्युटर करतो." मग जरा वेळाने आपणच म्हणाला, "पाण्याचा आकडा मात्र आम्ही भरतो."
कोक ओला असतो. त्यातल्या पाण्याचं वजन कोकात धरायचं नाही, म्हणून जेवढं पाणी लिहू तेवढा कॉम्प्युटर वरून जास्त कोक टाकतो. पाणी खऱ्यापेक्षा जास्त लिहिलं की भट्टीला जास्त कोक मिळतो, आणि कागदावर दिसतो कमीच.
मी म्हणालो, "मग लिही ना."
चहा पीत म्हणालो. एवढंच.

४ जुलै, शुक्रवार
लिफ्ट बंद. चौदा मजले. चाळ होती तेव्हा दोनच होते, आणि गुडघे चांगले होते.
विनूला फोन केला. ढिगाच्या तळाचा ओला कोक घेऊन नमुना भरतो म्हणे, म्हणजे कागदही जुळतात. रोज सकाळी आकडा तोच ठरवतो, तिन्ही पाळ्या तोच वापरतात.
म्हटलं, आता तरी साहेबांना सांग, भट्टी खरं म्हणजे एवढ्या कमी कोकावर चालत नाही.
"कसं सांगू? दोन महिन्यांचे आकडे वर गेलेत. त्यावर सोमवारपासून आणखी कमी करायचं ठरलंय."
तेव्हा मला शेठ आठवला. तोही असाच कमी कर म्हणायचा. पण आमची पाटी टाकायला आम्ही रोज हजर असायचो.

६ जुलै, रविवार
परवा माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन. गिरगावच्या डोळ्यांच्या दवाखान्यात. विनूला ये म्हणालो. रजा मिळणं कठीण आहे म्हणाला. मी म्हणालो, टेबलावर काही झालं तर तुझी आई एकटी काय करणार? ही म्हणाली, "डोळ्याचा ऑपरेशन आसा, सरणावर नाय चढवणत." पण मी धोशा लावला. शेवटी येतो म्हणाला. उद्या संध्याकाळी पोचेल.

८ जुलै, मंगळवार
एका डोळ्याने लिहितोय. ओळी तिरक्या जातात. ऑपरेशन वीस मिनिटांत झालं, दुखलं नाही. विनूने खोताच्या वाडीच्या तोंडाशी टॅक्सी थांबवून आईसाठी केळ्याचे वेफर घेतले. लहानपणी घ्यायचा तसे.
वाटेत विचारलं, तू इथे, मग आकडा कोण भरणार?
"नायक." नायक म्हणजे त्याच्याबरोबरचा, दुसऱ्या पाळीचा इनचार्ज. सरळ माणूस. दिवाळीत क्वार्टरवर गेलो होतो तेव्हा पाहिला होता.
"त्याला सांगितलंस?"
"कालचाच ठेव म्हणून मेसेज टाकतो."
टाकला की नाही ते मी विचारलं नाही. डोळ्यात थेंब घालायची वेळ झाली होती.

९ जुलै, बुधवार
दुपारी जेवत होतो. सोलकढी वाढली होती. विनूचा फोन वाजला. त्याने ऐकलं, उठला, हात न धुता खिडकीशी जाऊन उभा राहिला. "किती जण?" एवढंच विचारलं.
नायकने दोन्ही दिवस स्वतः नमुना घेतला, ढिगाच्या मधून, नियमाप्रमाणे. पाणी कमी निघालं, तेवढंच भरलं. कोक एकदम घटला, आणि सोमवारी ठरवून कमी केला होता तो वेगळाच. भट्टी थंड पडत गेली. आतला माल अडकला, मग एकदम खाली कोसळला. मळी, म्हणजे दगडातला वितळलेला कचरा, उसळून गरम वारा आत फुंकायच्या नळ्यांत शिरली. एक नळी फुटली. नळीच्या भोकातून आत बघत एक माणूस उभा होता. सदानंद नावाचा, कंत्राटी. तो भाजला.
"मेसेज?" मी विचारलं.
विनूने माझ्याकडे बघितलं. टाकायचा राहिला होता.
चारच्या गाडीने निघून गेला. जेवण तसंच. मी बोलावलं नसतं तर.

११ जुलै, शुक्रवार
विनूचा फोन. सदानंदला ॲम्ब्युलन्सने मुंबईला आणलं, परळच्याच हॉस्पिटलात. आमच्यापासून चालत वीस मिनिटं.
"बाबा, तुम्ही तिकडे जाऊ नका."
"बरं."
नायकला घरी बसवलंय. चौकशी लागली. दोन महिने पाणी एकसारखं जास्त दिसतं आणि त्याच दोन दिवशी एकदम कमी, म्हणजे नायकने शेडखालचा कोरडा कोक उचलून नमुना भरला, असं म्हणतात.
दोन महिन्यांत खरा आकडा तेवढाच. चूक म्हणून पकडला तोही तोच.

१४ जुलै, सोमवार
गेलो.
काळा चष्मा, छत्री, डब्यात पेज. हिला सांगितलं, थेंब आणायला जातो. आत सोडत नाहीत. बाकावर एक बाई, पंचवीस-सव्वीसची, पदराला पोलादाच्या कारखान्याचा पास पिनने लावलेला. तिची भाषा कानावर पडली आणि बसलो तिच्या शेजारी.
"खंयची गो तू?"
तिने वर बघितलं. किती दिवसांनी कोणी तिच्या बोलीत बोललं असेल. रेश्मा नाव, सदानंदची बायको. आमच्या गावापासून तिचं गाव दोन कोसांवर. पेज दिली. "काका, तुमचा कोण आसा हडे?"
म्हणालो, कोणी नाही, डोळ्याला दाखवायला येतो, इथे बसतो जरा.
तिच्याशी बोललेलं पहिलंच खोटं सोपं गेलं.

१५ जुलै, मंगळवार
पेज, चटणी. सदानंदचे हात आणि छाती. चेहरा थोडा. रेश्मा म्हणते, डोळे शाबूत आहेत. ते सांगताना तिला बरं वाटतं.

१७ जुलै, गुरुवार
हिने पकडलं. "रोज पेज घेवन खंय जातात? थेंब पेजेबरोबर घेतत काय?"
सांगितलं सगळं. मे महिन्यातला चहासुद्धा. ही भांडी घासत होती, नळ बंद केला नाही, पाणी वाहत राहिलं. शेवटी म्हणाली, "झिलाक काय होता कामा नये." मग म्हणाली, "त्या बायेक ताकभात न्हेया उद्या. रोज पेज कोण खाता?"
हिच्या दोन्ही वाक्यांच्या मधे मी कुठे उभं राहू.

१८ जुलै, शुक्रवार
कंत्राटदाराचा माणूस आला. रेश्माचा जबाब लिहून हवा म्हणाला, म्हणजे पुढचं सगळं लवकर होईल. तिला लिहिता येतं, पण कागद माझ्याकडे सरकवला. "काका, तुमी लिवा. तुमचा अक्षर चांगला आसतला."
माझं अक्षर चांगलं आहे. फौंड्रीत माल किती चढला ते फळ्यावर मीच लिहायचो.
ती सांगत गेली, मी लिहीत गेलो. माझा नवरा अमुक तारखेला कामावर गेला. इनचार्ज श्री. नायक यांनी कोकाच्या पाण्याचा आकडा चुकीचा भरला. त्यांच्या निष्काळजीपणामुळे.
निष्काळजीपणा हा शब्द त्या माणसाने सुचवला. मी पेन थांबवलं. रेश्मा म्हणाली, "लिवा काका."
लिहिलं. तिने सही केली. त्या माणसाने फोटो काढला आणि कागद घेऊन गेला. माझ्या अक्षरात.

१९ जुलै, शनिवार
विनूला सांगितलं. तो म्हणाला, "बाबा, कशाला गेलात तुम्ही?"
"खरं पाणी किती होतं ते तू सांगून टाक."
"फोनवर नको." मग आपणच, "मी एकटाच नाही यात. वरच्यांना काय कळत नाही? पण आकडा चांगला येत होता, कोणी विचारलं नाही. आता मी बोललो तर फक्त माझं नाव राहील. नोकरी जाईल, केस होईल. नायकचं फार तर निलंबन."
"आणि तो माणूस मेला तर?"
फोन कट. नंतर मेसेज आला: रेंज गेली होती.

२२ जुलै, मंगळवार
गेलो तर बाकासमोर एक तरुण उभा. दाढी वाढलेली, हातात सफरचंदांची पिशवी. रेश्मा त्याच्याकडे बघत नव्हती. "सायब, जावा तुमी. माझ्या समोर नको."
नायक.
तो वळला आणि मला ओळखलं. "विनायकचे बाबा ना तुम्ही? दिवाळीत भेटलो होतो. शेव दिली होतीत."
रेश्मा उठून उभी. "विनायक सायबांचे वडील? काका, आदी कित्याक नाय सांगलात?" वाकून पाया पडली. म्हणाली, "विनायक सायब त्या दिवशी पाळीर आसते तर माझो घोव भाजलो नसतो."
खरं बोलली. तिला ठाऊक नाही किती खरं.
नायकने मला गेटबाहेर चहाला नेलं. कपाला हात लावला नाही. "काका, तुम्ही भट्टीवर होतात. विनायक सांगतो तुमच्या गोष्टी. तुम्हीच सांगा, तीन वेळा नमुना घेतला, तीन वेळा तेवढंच पाणी निघालं. मी काय लिहायला हवं होतं?"
"निघालं तेच."
"मग भट्टी का बसली? आधीचे दोन महिने का बसली नाही?"
मी चष्मा काढून पुसला. डॉक्टरांनी डोळ्याला हात लावू नका म्हटलंय.
"झोप लागत नाही," तो म्हणाला. "वाटतं, माझ्याच हाताने काहीतरी झालं असेल आणि मला कळत नाहीये. मला फक्त कळायला हवं, काका."
सफरचंदं माझ्या हातात दिली. रेश्माला द्या, माझी म्हणून सांगू नका.

२४ जुलै, गुरुवार
सदानंद गेला. सकाळी सातला. मी पोचलो तेव्हा बाक रिकामा.
खाली रेश्मा भेटली. भाऊ आला होता न्यायला. रडत नव्हती. माझा हात धरून म्हणाली, "काका, तुमी लिवलेलो कागद आसा. नायकाक सोडूचा नाय." ताकभाताचा डबा तिच्या पिशवीत होता, कालचा. धुऊन परत दिला.

२५ जुलै, शुक्रवार
डोळा लाल. पाणी येतंय. थेंब चुकले असतील. दवाखान्यात फोन केला, सोमवारी या म्हणाले.

२६ जुलै, शनिवार
विनूचा फोन नाही. मी केला, उचलला नाही. हिने केला, उचलला. तिच्याशी जेवणाबद्दल बोलला. ही म्हणाली, "तेचो आवाज बसलोहा."
संध्याकाळी खाली जाऊन बसलो. गणपतीच्या मांडवाचे बांबू येऊन पडलेत. कोणी पावतीपुस्तक घेऊन आलं, "आजोबा, यंदा काय?" मला कळेना कशाबद्दल विचारतोय.

२८ जुलै, सोमवार
नायकचा फोन. माझा नंबर विनूकडूनच घेतला म्हणाला. विनूने दिला, तेव्हा त्याला काय वाटलं असेल?
चौकशी शुक्रवारी. आता माणूस गेला म्हणजे पोलीसही. नायक म्हणाला, "काका, माझ्या बाजूने कोणीच बोलत नाही. तुम्ही जुने भट्टीवाले. कोक खरंच कोरडा असेल तर आकडा कमी येणारच, एवढं तरी लिहून द्याल? कोणी ऐकेल की नाही ठाऊक नाही. पण एक कागद असू दे माझ्याकडे."
हो म्हणालो. न विचार करता. बुधवारी पाच वाजता घरी येऊन घेऊन जातो म्हणाला.
ही ऐकत होती. रात्री माझ्या पानात भात वाढला आणि आमटी विसरली.

२९ जुलै, मंगळवार
दोनदा लिहिलं, दोनदा फाडलं. नुसतं कोरड्या कोकाबद्दल लिहिलं तर ते खरं आहे, आणि त्याचा काही उपयोग नाही. कोणी साहेब वाचेल, म्हणेल, हा म्हातारा क्युपोलावरचा, ह्याला काय कळतं. दोन महिने पाणी जास्त कसं आलं ते लिहिलं तरच नायक सुटतो. ते लिहिलं की विनूचं नाव येतं. त्याच्या मागे माझं. माझ्या नावाचं कोणाला काही नाही, मी एक्काहत्तरचा, मला काय करतील.
पण ते माझं नाव घेणार नाहीत. चहा पिताना बापाने सांगितलं म्हणून कोण कोणाला सोडतं?

३० जुलै, बुधवार
सकाळपासून कागद समोर. सुरुवातीच्या तीन ओळी झाल्या: माझं नाव, वय, एकतीस वर्षं क्युपोलावर काम केलं ते. पुढची ओळ लिहायची आहे. पेन चांगलं आहे, विनूनेच दिलेलं.
साडेतीनला विनूला फोन लावला. या वेळी उचलला.
म्हणालो, "नायक पाचला येतोय. मी पाण्याचं लिहिणार आहे. तुला विचारून लिहितोय, चोरून नाही."
पलीकडे यंत्रांचा आवाज. भट्टी परत सुरू झाली असणार.
"विनू?"
"नायकने मला काल विचारलं, तुझे बाबा बरे आहेत ना," तो म्हणाला. "एवढंच विचारलं. आणि मी म्हटलं, हो, डोळा बरा आहे."
"लिहू का?"
"आईला फोन द्या."
दिला. ही फोन घेऊन आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. सव्वाचार होऊन गेले. तिचा आवाज येत नाही, फक्त मधे एकदा "हां" म्हणाल्याचं ऐकलं. लिफ्ट आज चालू आहे, वरखाली जाताना ऐकू येते. प्रत्येक वेळी आमच्या मजल्यावर थांबतेय की काय असं वाटतं.
पेनाचं टोपण काढून ठेवलंय.